तुझ्या डबड्याचं काय करू?

सुजाता, मी तुझ्यावर रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, धीर धरा म्हणतात. मी मान हलवतो. त्यांना वाटतं, बिचारा दुःखानं गप्प झालाय. दुःख आहेच, ते कुठं पळून जातंय? पण मी गप्प बसलोय तो संतापानं. पहिला राग तुझ्यावर. दुसरा त्या कार्डावर. आणि तिसरा आपल्या पल्लवीवर, कारण तिनं आज सकाळी तुझ्या कॉम्प्युटरसाठी भंगारवाल्याला बोलावलं.

येत्या रविवारी तुझा जलदान विधी आहे, त्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. भन्तेजी येणार, मुखेडकडचे पाहुणे येणार, किनवटहून तुझी बहीण येणार. आपलं नांदेडचं घर केवढं, ते तुला माहीत आहे. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली की तुझं टेबल मध्ये येतं. त्याच्यावर तो अवजड मॉनिटर, खाली घरघर करणारा डबा, बाजूला प्रिंटर आणि या सगळ्यावर तू शिवलेली फुलाफुलांची खोळ. पल्लवी लातूरहून आली तेव्हापासून त्या कोपऱ्याकडं बघून उसासे टाकत होती. काल बोललीच.

"पप्पा, हे आता काढून टाकू. माणसं कुठं बसवायची?"

"बसतील कुठंबी."

"लई जुनं झालंय ते. नेट चालत न्हाई, पेनड्राइव्ह घेत न्हाई, चालू व्हायलाच सकाळची दुपार होते. आईला सवय होती म्हणून चाललं. आता वापरणार कोण हाय?"

पोरगी लातुरात क्लासमध्ये शिकवते, मुद्दा कसा मांडायचा ते तिला बरोबर कळतं. पण ती सगळी वाक्यं माझीच होती. कित्येक वर्षं मी तुला तेच सांगत आलो, ती ते ऐकतच मोठी झाली. आणि मी बरोबरच होतो, आजही म्हणतो. ते डबडं केव्हाच जायला हवं होतं. दुरुस्तीवाला त्याला हात लावायच्या आधी आपल्यालाच हात जोडायचा. पंख्याचा आवाज असा की शेजारी पिठाची गिरणी चालू झाली असं पाहुण्यांना वाटायचं. मॉनिटरच्या मागं डासांची वस्ती. घड्याळाचं तर बोलायलाच नको. रोज सकाळी चालू केलं की ते कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसायचं आणि पुढं जाऊ का म्हणून तुला विचारायचं. तू एक बटण दाबून त्याला परवानगी द्यायचीस आणि चहा टाकायला आत जायचीस.

रिटायर झालो तेव्हा मी तुला नवा लॅपटॉप आणून दिला. किती हौसेनं आणला होता. तू त्याच्यावर एक फूल ठेवलंस, दोन दिवस आल्यागेल्याला दाखवलास आणि पल्लवी आली तशी तिच्या पिशवीत घालून दिलास. वर मला म्हणालीस, "त्याच्यात माझी माणसं न्हाईत हो."

मी ओरडलो होतो, "माणसं? मशीनमध्ये माणसं कवापासून राहायला लागली?" तू हसून खोळ झटकायला लागलीस. तो वाद तिथंच राहिला. मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू. मला काय माहीत, वादातून तू अशी उठून जाणार आहेस.

तुझी माणसं म्हणजे कोण, हे मला कळत नव्हतं असं मात्र समजू नको. ज्या प्रेसमध्ये तू कंपोजिंग करायचीस, तिथल्या मालकानं नवी मशीनं घेतली आणि हे कोपऱ्यात टाकलं. तू ते ऑटोत घालून घरी आणलंस, मॉनिटर मांडीवर घेऊन, लेकराला धरावं तसा. त्यानंतर आपल्या वस्तीतलं एक लग्न, एक नामकरण, जयंतीचं एक पत्रक तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. आणि तुझी काम करायची पद्धत! तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. तू कधी कोरं पान उघडायची नाहीस. पोरीच्या लग्नाची पत्रिका करायची तर तिच्या आईबापाची पत्रिका शोधून काढायची आणि तिच्यातच नावं बदलायची. म्हणायचीस, कोऱ्या पानावर हात सैल सुटतो, भरल्या पानावर माणूस जपून चालतो. अशानं एकेका घराच्या पत्रिका एकीतून एक निघत गेल्या. मग कुणीतरी दारात यायचं, "ताई, आमच्या बाबाच्या लग्नाची पत्रिका हाय का तुमच्याकडं? घरात एकबी न्हाई राहिली." तू मोठ्या तोऱ्यात बसून ती काढून द्यायचीस. त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

आणि तुझे ते नियम. चि. आणि चि. सौ. कां. तुझ्या कीबोर्डाला ठाऊकच नव्हते. आयुष्मान आणि आयुष्मती, संपलं. कुणी मजकुरात 'बुद्धाच्या कृपेने' असं लिहून आणलं की तू त्याला खुर्चीवर बसवायचीस. "भाऊ, बुद्ध कृपा करत न्हाई. वाट दाखवतो. चालायचं आपल्यालाच हाय." माणूस यायचा पत्रिकेला आणि जायचा प्रवचन ऐकून. गेलेल्या माणसाच्या नावाआधी कुणी 'कै.' लिहिलं तर मग बघायलाच नको. "कैलासात कोण गेलंय आपलं? आज्यानं धर्म बदलला तो कशासाठी?" असं म्हणून तू टाइप करायचीस, कालकथित. काळाच्या स्वाधीन झाला, एवढंच आपल्याला माहीत आहे, त्याच्या पुढचं माहीत नाही, मग लिहायचं कशाला? असं तुझं म्हणणं. मी समोर बसून माझ्या कंडक्टरच्या आवाजात मजकूर वाचायचो आणि तू खाली न बघता बोटं चालवायचीस. कीबोर्डावरची अक्षरं तर कधीच पुसून गेलेली. तुझ्याशिवाय त्याच्यावर कुणाला काही उमटवता यायचं नाही, आणि मला वाटतं तुला ते आवडायचंही.

आता त्या साच्याचं बोलू. टाळून चालणार नाही.

लग्नाच्या पत्रिका तू एकातून एक काढायचीस, पण पुण्यानुमोदनाच्या कार्डाला तुझं मन तसं घेत नव्हतं. एकाच्या मयतावर दुसऱ्याचं मयत कसं चढवायचं, म्हणायचीस. म्हणून तू त्याचा एक वेगळा साचा करून ठेवला होतास. मजकूर तयार, चौकट तयार, वर बोधिवृक्षाचं पान. फक्त नाव, तारीख आणि वेळ बदलायची. आणि साच्यात नाव कुणाचं? कालकथित उत्तम जोंधळे. म्हणजे मी. जिवंत, धडधाकट, मुखेडच्या गाडीवर ड्युटी करणारा तुझा नवरा. आणि खाली, शोकाकुल, सुजाता उत्तम जोंधळे व परिवार.

मला हे कळलं ते माझ्याच गाडीत. मुखेड रस्त्याला एक म्हातारा बसला होता. तिकीट फाडून दिलं तर तो तिकिटाकडं न बघता माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं बघत राहिला.

"तुमचंच नाव हाय का हे?"

"हाव. मग काय उसनं आणलंय?"

"मंग ह्ये काय म्हणून राहिले?" म्हणत त्यानं धोतराच्या कनवटीतून कार्ड काढलं. गावातल्या एका घरचं पुण्यानुमोदनाचं कार्ड. वरच्या ओळीत गेलेल्या माणसाचं नाव बरोबर, आणि खाली मजकुरात ठळक अक्षरात, कालकथित उत्तम जोंधळे यांच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आपण सहपरिवार उपस्थित राहावे. तू वरचं नाव बदललंस आणि आतलं विसरलीस. कार्ड छापून, वाटून, गावोगाव पोचून मोकळं झालं होतं. सगळी गाडी ते कार्ड हातोहात वाचत सुटली. मागून एकजण ओरडला, "मास्तर, वरून परत यायला फुल्ल तिकीट लागतं का हाफ?" ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन हसून घेतलं. मी बेल मारत राहिलो, कुणी ऐकेना.

त्या संध्याकाळी मी घरात शिरलो तो चपला न काढता. "आजच्या आज हे डबडं भंगारात जाईल न्हाईतर मी जाईन." तू कार्ड वाचलंस. आधी तोंडाला पदर लावलास, मग टेबलावर डोकं टेकवून हसायला लागलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम गंभीर झालीस आणि त्या घरच्या लोकांची काळजी करायला लागलीस. त्यांच्या दुःखाच्या वेळी आपल्या हातून असं झालं म्हणून तुला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त कार्डांचा गठ्ठा घेऊन तू माझ्याच गाडीनं त्या गावाला गेलीस. त्या लोकांनी तुला चहा पाजला आणि वर म्हणाले, "ताई, तुमचा मालक लई जगल बघा आता."

येताना मी तुला विचारलं होतं, "माझंच नाव कामून घातलं तिथं? फलाणा फलाणा लिहायचं."

"फलाणा लिहिलं तर नजर सरकून जाते आन् तसंच छापून येतं," तू म्हणालीस. "दुसऱ्याचं घातलं तर त्यो भांडायला यील. तुमचं नाव दिसलं की माझी नजर अडते. काळजात धस्स होतं. मग आठवण राहते बदलायची."

"मग त्या दिवशी कामून न्हाई अडली?"

"त्या दिवशी रागात होते ना तुमच्यावर." कारण त्याच सकाळी मी या डबड्यावरून तुझ्याशी भांडून ड्युटीवर गेलो होतो. बायको असावी तर अशी. नवऱ्याला जिवंतपणी कालकथित करते आणि वर चूक त्याचीच काढते. नाव तू शेवटपर्यंत बदललं नाहीस. म्हणालीस, घाला किती तोंड घालायचं ते, साचा माझा आहे.

आणि हे ऐक. मला ते नंतर बरं वाटायला लागलं होतं. मनात ठरूनच गेलं होतं की असंच होणार. साखर मला, ब्लडप्रेशर मला, छातीत स्प्रिंग बसवलेली मला. तू माझ्या आमटीतलं मीठ काढून घेतलंस, माझ्या गोळ्यांचा डबा भरत राहिलीस, मी जिना चढलो की वरून "हळू" म्हणून ओरडत राहिलीस. मी आधी जाणार, तू साचा उघडणार, तारीख घालणार, झालं. सगळी तयारी होती. आणि गेलीस कोण? तू. जिला साधी सर्दी कधी झाली नाही. जेवणं झाली, भांडी घासायच्या आधी जरा पाठ टेकते म्हणालीस. हा काय न्याय झाला? ठरल्याच्या बाहेर वागायची तुझी सवयच होती, पण याही बाबतीत?

लोकही काय एकेक बोलतात. गल्लीतल्या बाया तुझ्या उशाशी बसून म्हणत होत्या, "भरल्या कपाळानं गेली. नशीबवान बाई." मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणजे मी मागं राहिलो हे तुझं नशीब? तू असतीस तर त्यांना खुर्चीवर बसवून असं काही ऐकवलं असतंस की परत कुणापुढं असं बोलल्या नसत्या. मला ते जमलं नाही. मी नुसता दात आवळून बसलो. माझा आवाज एवढा मोठा, सगळी मुखेड गाडी गप्प करणारा, आणि त्या वेळी तो गेला कुठं कुणास ठाऊक.

तो आवाज परत आला कार्ड बघून. पल्लवीनं क्लासमधल्या कुणाकडून मोबाईलवर तुझं कार्ड करून घेतलं आणि मला न दाखवता साऱ्या नातेवाइकांना पाठवून दिलं. केशरी ढग, ढगात उघडलेलं सोन्याचं दार, दोन्ही बाजूंना हंस, खाली पणती. मध्ये तुझा फोटो. केस काळेभोर केलेले, गाल गुळगुळीत, हनुवटीवरचा तीळ पुसून टाकलेला. तुला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. आणि वर काय? 'कै. सौ. सुजाता'. खाली, 'यांना देवाज्ञा झाली'. पहिलं उत्तर धर्माबादच्या चुलतभावाचं, हात जोडलेले आणि ॐ शांती. त्याच्यामागून सगळ्यांनी तेच.

मी किती ओरडलो ते तुला शेजारी सांगतील. जन्मभर दुसऱ्यांच्या कार्डावरचं 'कै.' खोडत आलेली बाई, आणि तिच्याच कार्डावर तिला कैलासात धाडली. तेही तिच्या पोटच्या पोरीनं. म्हटलं, "तुझ्या आईनं जल्मभर काय केलं ते तुला माहीत हाय का न्हाई?"

पल्लवी मोबाईल हातात घेऊन उभी होती. "मी वाचलंच न्हाई पप्पा," ती म्हणाली. "आईचा फोटो दिसला. पुढचं काही दिसलंच न्हाई मला." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पण राग गेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

मी सांगून टाकलं. ते कार्ड कुणी धरायचं नाही. खरं कार्ड छापलं जाईल, आणि ते तिच्या मशीनवर होईल. पल्लवीनं डोळे पुसले आणि परत शिक्षिका झाली. "तुम्हाला येतं का चालवायला? मला न्हाई येत. ती कीबोर्डाची पद्धतच वेगळी हाय, आता कुणीच वापरत न्हाई. मी त्या सरांना सांगते, ते दोन शब्द बदलून देतील." मी म्हटलं, मला ते ढग नको, हंस नको, आणि तीळ पुसलेली बायको तर मुळीच नको. ती म्हणाली, हट्ट करू नका. मी म्हटलं, हट्ट तुझ्या आईचा आहे, मी नुसता चालवतोय. रात्री दोघंही एकमेकांशी न बोलता जेवलो.

आणि आज सकाळी दारात भंगारवाला. गाडा लावून, दोरी घेऊन. पल्लवीला वाटलं होतं, मी दूध आणायला गेलेला असताना काम उरकेल. पण आज दूध लवकर आलं होतं. मी दारात उभा राहिलो. तो आत डोकावून म्हणाला, "काका, कोणतं मशीन द्यायचं हाय?"

"गाडी फुल्ल हाय," मी म्हणालो. "पुढची बघा."

त्याला काही कळलं नाही, पण माझा आवाज कळला. तो गाडा वळवून गेला. पल्लवी कमरेवर हात ठेवून उभी, हुबेहूब तू. "ठीक हाय," ती म्हणाली. "मग करा चालू. करून दाखवा आईचं कार्ड. झालं तर ठेवू, न्हाई झालं तर उद्या सकाळी हे जाईल आन् तुम्ही मधी बोलायचं न्हाई." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

खोळ काढली. तिच्यात तुझा चष्मा होता, तो मी खिशात ठेवला. बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि मला, खरं सांगतो, घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं. डबड्यानं नेहमीसारखं जुनं साल दाखवून विचारलं, पुढं जाऊ का? मी तुझं बटण दाबलं. मग सवयीनं चहा टाकायला उठलो.

चहा होईपर्यंत पडदा उजळला. पल्लवी माऊस घेऊन बसली, मी बाजूच्या खुर्चीवर, माझ्या जागी. साचा कुठं असतो ते मला माहीत होतं. उघडला. बोधिवृक्षाचं पान, चौकट, आणि वर मी. कालकथित उत्तम जोंधळे. खाली तू. शोकाकुल, सुजाता उत्तम जोंधळे व परिवार. पल्लवीनं हे कधी पाहिलेलं नव्हतं. गाडीतली गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती, पण पडद्यावर बापाचं नाव तसं बघून तिचा हात माऊसवरून निघाला.

"आता आईचं कसं लिहायचं?" ती पुसट कीबोर्डाकडं बघत म्हणाली. "स कुठं हाय ते तरी माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी एक बटण दाबून पाहिलं, भलतंच उमटलं. दुसरं दाबलं, अर्धा र आला. तिनं ते पुसलं. उद्या सकाळी तो गाडा परत येणार, दोरी बांधणार आणि तुझी सगळी माणसं घेऊन जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी पडद्याकडं बघत बसलो. बघता बघता लक्षात आलं.

"पल्लवी," मी म्हणालो, "लिहायचं काहीच न्हाई. दोघांचीबी नावं इथंच हायेत. खालचं वर घे आन् वरचं खाली."

तिनं परत माऊस धरला. तुझं नाव शोकाकुलच्या पुढून उचललं आणि कालकथितच्या पुढं ठेवलं. माझं तिथून काढलं आणि तुझ्या जागी आणलं. आतल्या मजकुरातलं नावही बदललं. मी तिला दोनदा तपासायला लावलं, तो अनुभव मला आहे. आकडे तेवढे कीबोर्डावर शाबूत होते, तारीख आणि वेळ मी सांगितली, तिनं घातली. ज्या मशीनवर आम्हा बापलेकीला एक धड अक्षर काढता येत नव्हतं, त्याच्यावर तुझं अख्खं कार्ड झालं, तुझ्या शब्दांत, तुझ्या अक्षरांत. 'कै.' नाही, सौ. नाही, देवाज्ञा नाही. प्रिंटरनं दोन-तीन कागद चावले आणि मग एक सरळ दिला. मी तो मोठ्यानं वाचायला घेतला, नेहमीसारखा. तुझ्या नावाशी माझी नजर अडली. तू म्हणायचीस तसंच झालं.

पल्लवीनं नाक पुसलं आणि विचारलं, "पप्पा, ह्याच्यावरच सेव्ह करू का?"

"न्हाई," मी एवढ्या जोरात ओरडलो की ती दचकली. "येगळं कर. जुनं हाय तसं राहू दे."

"मग हे डबडं कवापर्यंत ठेवायचं?"

"माझं कार्ड छापून होईपर्यंत."

रविवारी माणसं अंगणात बसतील, मांडववाल्याला सांगितलंय. टेबल जागचं हलणार नाही. वेळ आली की पल्लवी साचा उघडेल, तारीख घालेल, आणि खालचं तुझं नाव काढून तुझ्या एखाद्या जुन्या पत्रिकेतून स्वतःचं उचलून घालेल. तोवर त्या जुन्या साच्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. माझा राग अजून गेलेला नाही, तो काही इतक्यात जाणारही नाही. पण सगळ्या जगात ती एकच जागा उरली आहे, सुजाता, जिथं सगळं आपलं ठरल्याप्रमाणं आहे. तिथं मी गेलोय, आणि तू आहेस.